लग्नाचं काम करायचंय, पहिला कॅमेरा कोणता घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखरपुडा, हळद, लग्न, डोहाळजेवण, बारसं अशा ऑर्डरी घेऊन त्यावर घर चालवायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी ही उत्तरं आहेत. पक्षी, डोंगर किंवा फॅशनचं काम करायचं असेल तर काही उत्तरं बदलतील. लग्नाचं काम इथे मुद्दाम निवडलंय, कारण तालुक्याच्या गावात कॅमेऱ्यावर पहिले पैसे बहुतेकांना लग्नातूनच मिळतात आणि चुकीच्या खरेदीचा फटकाही इथेच सगळ्यांत मोठा बसतो.

फार खोलात न जाता सांगा, कोणता घेऊ?

दोन मेमरी कार्ड बसतात, कमी उजेडात चेहरा स्वच्छ येतो आणि ज्याच्या लेन्स तुमच्या आसपास सेकंडहँड किंवा भाड्याने मिळतात, असा फुल फ्रेम (फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा घ्या. निकॉन झेड५, निकॉन झेड६ टू, कॅनन आर६ आणि सोनी ए७ थ्री हे चारही या मापात बसतात. यांच्या पुढच्या आवृत्त्या बाजारात आल्या आहेत, त्यामुळे हे चांगल्या अवस्थेत वापरलेले मिळतात. यांपैकी कोणताही कॅमेरा हातात असताना तुमचं काम कॅमेऱ्यापायी अडणार नाही.

दोन कार्डांचा एवढा आग्रह का? एका कार्डावरही लोक वर्षानुवर्षं काम करतात.

करतात, आणि एखाद्या दिवशी कार्ड उघडतच नाही. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, अक्षता पडतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं आणि पुन्हा होत नाही. मॉडेलचं शूट बिघडलं तर तारीख बदलून परत करता येतं. वधूच्या आजीने भरल्या डोळ्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवला, त्याला दुसरी तारीख नसते. फोटो गेले तर तुम्ही पैसे परत कराल, पण त्या घराचं नुकसान भरून निघत नाही, आणि गावात ती गोष्ट तुमच्या नावाला कायमची चिकटते.

म्हणून सेटिंगमध्ये दुसऱ्या कार्डाला ‘बॅकअप’वर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. पहिलं भरल्यावर दुसरं सुरू होणारं ‘ओव्हरफ्लो’ सेटिंग लग्नात वापरू नका. त्याने जागा वाढते, सुरक्षितता वाढत नाही.

खरेदी करताना नावं नीट वाचा, इथे गफलत होते. निकॉन झेड६ ला एकच स्लॉट आहे, झेड६ टू ला दोन. कॅनन आर, आरपी आणि आर८ यांना एक, आर६ ला दोन. सोनी ए७सी ला एक, ए७ थ्री ला दोन. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत, कॅनन ६डी मार्क टू ला एक, ५डी मार्क फोर ला दोन, निकॉन डी७५० ला दोन. झेड६ टू चा एक स्लॉट एक्सक्यूडी किंवा सीएफएक्सप्रेस कार्डाचा आहे. ही कार्डं आणि त्यांचा रीडर महाग पडतात, तो खर्च आधीच धरा. झेड५ मध्ये दोन्ही साधी एसडी कार्डं चालतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तोच आधी सुचवतो.

फुल फ्रेमच हवा का? क्रॉप सेन्सरवर भागणार नाही?

भागतं, पण काय सोडतोय ते माहीत हवं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. सोनी, निकॉन, फुजी यांचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ चा, कॅननचा त्याहून जरा लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सव्वादोन पटींहून मोठा. तेवढा जास्त उजेड त्याच्या वाट्याला येतो, म्हणून संध्याकाळच्या रिसेप्शनला, लॉनवरच्या वरातीत आणि घराच्या आतल्या खोलीत चाललेल्या हळदीत फरक उघड दिसतो.

बजेट खरंच कमी असेल तर कॅनन आर७ किंवा फुजीचा एक्स-टी३, एक्स-टी४ बघा. हे क्रॉप सेन्सरचे आहेत, पण स्लॉट दोन आहेत. दिवसाची लग्नं यांच्यावर उत्तम होतात. एक स्लॉटचा नवा कोरा फुल फ्रेम आणि दोन स्लॉटचा वापरलेला क्रॉप अशी निवड करायची वेळ आली, तर मी दुसरा घेईन.

कॅमेऱ्यासोबत किट लेन्स मिळते. सुरुवातीला तेवढी पुरेल ना?

पुरत नाही. बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात. बॉडीवर (नुसत्या कॅमेऱ्यावर) सगळी पुंजी घालायची आणि पुढे साधी किट लेन्स लावायची.

हिशोब सरळ आहे. समजा मंगल कार्यालयात एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर फोटो बरोबर येतोय. किट लेन्स झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंत आक्रसतं, म्हणजे उजेड चौथाई. तोच फोटो तोच शटर ठेवून घ्यायचा तर आयएसओ १२८०० करावा लागेल, नाहीतर शटर १/५० वर आणावा लागेल. पहिल्यात चेहऱ्यावर दाणे येतात, दुसऱ्यात अक्षता टाकणारे हात पुसट होतात. बॉडी कितीही महागाची असू दे, हा चौपटीचा खड्डा ती भरून काढू शकत नाही.

मग सुरुवात कशाने करायची? ५० मिमी एफ १.८. प्रत्येक कंपनीकडे आहे आणि आपापल्या यादीत स्वस्तातल्या लेन्समध्ये मोडते. नंतर ८५ मिमी एफ १.८, ज्यावर वधूचे एकटीचे फोटो, कानातले, नथ, मेंदीचे हात फार देखणे येतात. पण फक्त अशा प्राइमवर (झूम न होणाऱ्या लेन्सवर) लग्न निभावणं नवख्याला जड जातं, कारण मांडवात मागे सरकायला जागा नसते आणि व्हिडिओवाला नेमका तुमच्या जागी उभा असतो. म्हणून पहिली मोठी खरेदी २४-७० एफ २.८ किंवा तिच्या जवळची झूम असावी. सोनीवर टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ आहे आणि ती पुष्कळ लग्नांत दिसते. फुजीच्या क्रॉपवर टॅमरॉनची १७-७० एफ २.८ किंवा सिग्माची १८-५० एफ २.८ तेच काम करते. ७०-२०० एफ २.८ लगेच घेऊ नका. गर्दीच्या लग्नाला भाड्याने आणा. वर्षभरात ती किती वेळा लागली हे पाहून मग ठरवा.

ब्रँड कोणता चांगला?

तुमच्या गावातले अनुभवी फोटोग्राफर जो वापरतात तो. लग्नाच्या आदल्या रात्री लेन्स खाली पडली तर कोणाच्या घरी जाऊन मागता येईल, हा प्रश्न रंग आणि शार्पनेसच्या सगळ्या वादांपेक्षा मोठा आहे. तालुक्यात पाच जण निकॉनवर काम करत असतील तर निकॉन घ्या. चार्जर, बॅटरी, फ्लॅश दुरून पेटवणारा ट्रिगर, सगळं उसनं मिळतं आणि सेकंड शूटर म्हणून बोलावणंही येतं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. सोनीच्या ई माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) इतर कंपन्यांच्या लेन्स सगळ्यांत जास्त आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी ऑटोफोकसच्या बाहेरच्या लेन्स बराच काळ जवळजवळ नव्हत्याच. तिथे डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरने लावायच्या, आणि त्या चांगल्या चालतात.

डीएसएलआर आता स्वस्त झालेत. घेऊ का?

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्याने जुना कॅमेरा बाद होत नाही. डी७५० आणि ५डी मार्क फोर आजही अल्बमला शोभेल असं काम देतात. हातात फारच कमी पैसे असतील तर वापरलेला डी७५० आणि त्याच्यासोबत चांगली लेन्स ही शहाणी सुरुवात आहे.

मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, वर सुचवलेले पहिले चारही तसेच) खरा फायदा आहे तो डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसचा. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू मधल्या भागात गोळा झालेले असतात, तर मिररलेसमध्ये जवळजवळ सगळ्या फ्रेमभर. वधू फ्रेमच्या कडेला असली तरी डोळ्यावर पकड राहते. अक्षता पडताना मात्र हाही फोकस मध्येच समोरच्या तांदळावर उडी मारतो. त्यासाठी ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून ठेवायची, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा चेहरा लगेच सोडत नाही. हे सेटिंग कॅनन, निकॉन, सोनी तिघांच्या चांगल्या बॉडींत वेगवेगळ्या नावांनी आहे. मंगलाष्टकांच्या आधी शोधून ठेवा.

जुन्या निकॉन लेन्स घरात असतील तर एक गोष्ट तपासा. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांना लावणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरवर एएफ-एस लेन्सचा फोकस चालतो, पण ५० मिमी एफ १.८ डी सारख्या जुन्या डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. तो हाताने करावा लागतो.

किती मेगापिक्सेल हवेत?

२४ पुष्कळ झाले. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तो २० × १३ इंच छापला जातो. करिझ्मा अल्बमचं १२ × ३६ चं पूर्ण पान एकाच फोटोने भरलं तर इंचाला साधारण १६७ पिक्सेल पडतात, आणि मांडीवर अल्बम ठेवून बघणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. बाकीच्या पानांवर एकाशेजारी एक चार-सहा फोटो असतात, तिथे तर प्रश्नच नाही.

४५ मेगापिक्सेल घेतलेत तर फाइल जवळपास दुप्पट मोठी. लग्नात तीन हजार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो सहज होतात. २४ मेगापिक्सेलची एक फाइल ३० एमबी धरली तरी ९० जीबी. दुप्पट झाल्यावर कार्ड, हार्ड डिस्क आणि कॉम्प्युटर सगळंच बदलावं लागतं.

जेपेगवर काढलं तर चालेल? रॉला वेळ फार लागतो.

रॉवरच काढा. पिवळ्या कापडाच्या मांडवात दुपारचं ऊन गाळून येतं, वर अंगाला हळद, आणि कॅमेरा तो पिवळा रंग आपल्या मनाने काढून टाकायला बघतो. रिसेप्शनला स्टेजवर जांभळे-गुलाबी दिवे असतात, त्यांत चेहऱ्याचा लाल भाग जळून सपाट होतो. रॉमध्ये यातलं बरंचसं सावरता येतं, जेपेगमध्ये फार थोडं.

कार्यालयात फोटो एक उजळ आणि एक काळपट येतो. कॅमेरा खराब आहे का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत चढउताराची पूर्ण फेरी येते आणि उजेड सारखा मिळतो. १/२५० वर एखादा फोटो फेरीच्या उजळ टोकाला सापडतो, एखादा उतरत्या. अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर चालू करा.

स्टेजचे डिमरवाले एलईडी आणि पाठीमागची एलईडी वॉल यांचा वेग वेगळा असतो. तिथे फोटोवर आडवे पट्टे उमटतात, विशेषतः सायलेंट शटर वापरलं तर. भटजींना खट्खट् नको म्हणून नवे लोक सायलेंट शटर लावतात आणि घरी येऊन पट्टे बघतात. विधींच्या वेळी मेकॅनिकल शटरच ठेवा. शंका असेल तर स्टेज लागल्यावर पाहुणे यायच्या आधी दोन-चार फोटो काढून बघा.

फ्लॅश नंतर घेतला तर?

आधी घ्या, बॉडीच्या बजेटमधून पैसे कापून घ्या. गोडॉक्सचा एक चांगला फ्लॅश, एक ट्रिगर, एक स्टँड आणि एक छत्री एवढ्यात समूहफोटो, मामा-मावशी-आत्यांच्या रांगा आणि रात्रीची वरात निभते. कॅमेऱ्यावर लावून थेट तोंडावर मारू नका. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर वर वळवा. लॉनवर छत नसतं, तिथे स्टँडवर बाजूला ठेवा. उजेड कुठून येतोय हे ज्याला कळलं, त्याचे फोटो साध्या कॅमेऱ्यावरही वेगळे दिसतात. उजेडाची ही समज हाताला बसायला वेळ लागतो, म्हणून फ्लॅश पहिल्या दिवसापासून जवळ हवा.

व्हिडिओही करायचा आहे. मग निवड बदलते का?

बदलते. निकॉन झेड५ आणि कॅनन आरपी यांत ४के व्हिडिओ घेताना चौकट बरीच कापली जाते, झेड५ मध्ये १.७ पट. मांडवात ते त्रासदायक ठरतं. व्हिडिओ हे अर्धं काम असेल तर सोनी ए७ थ्री किंवा झेड६ टू घ्या. कॅनन आर६ चा व्हिडिओ सुंदर आहे, पण सलग ४के घेताना तो तापतो, त्यामुळे पूर्ण विधी अखंड टिपायला तो ठेवू नये. शक्यतो एका माणसाने दोन्ही कामं घेऊ नयेत. सप्तपदी चालू असताना हात एकाच कामाला पुरतो.

पैशांची वाटणी कशी करू? हप्त्यावर घेऊ का?

हातात दीड लाख असतील तर बॉडीवर ऐंशी-नव्वद हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यात लेन्स, फ्लॅश, दोन जादा बॅटऱ्या, चार चांगली कार्डं आणि दोन हार्ड डिस्क बसवा. नव्या वस्तूंत हे बसत नाही, म्हणून सेकंडहँडचा एवढा विचार.

‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याजाइतकी सूट किमतीत दाखवलेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा तुम्हीच भरता. दुकानात रोख भाव विचारा, मग हप्त्याचा एकूण आकडा विचारा आणि दोन्ही कागदावर शेजारी मांडा. हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो, आणि चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात. लगीनसराईच्या कमाईवर हप्ता ठरवू नका. कर्ज काढायचंच असेल तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं.

बिल पक्कंच घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून ‘बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल’ असं कानावर येईल. बिल नसेल तर वॉरंटी, विमा आणि चोरीची तक्रार तिन्ही अडतात. ग्रे मार्केटच्या (अधिकृत विक्रेत्याबाहेरून आलेल्या) मालाला भारतातली वॉरंटी नसते.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

ज्याच्याकडून घेताय त्याचं मूळ बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळतो का, हे सगळ्यांत आधी. मग शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालंय तो आकडा. निकॉनच्या फोटोच्या माहितीत तो लिहिलेला असतो, वेबसाइटवर फोटो टाकून वाचता येतो. डी७५० आणि ५डी मार्क फोर यांचं शटर दीड लाख क्लिकसाठी, ए७ थ्री आणि झेड६ टू यांचं दोन लाखांसाठी तपासलेलं आहे. त्यापुढे शटर लगेच मरतं असं नाही, पण भाव करताना आकडा उपयोगी पडतो.

एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतात. लेन्सच्या एका तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारून दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडून द्या. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून लिहून बघा. फ्लॅश लावून पेटतो का पाहा, हॉट शू (फ्लॅश बसवायची वरची खाच) खराब असलेल्या बॉडी बाजारात येतात. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार यासाठी जुना आणि मोठा आहे. तिथे एकटे जाऊ नका, काम करणाऱ्या एखाद्या दादाला सोबत न्या आणि पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका.

कोकणात राहतो. कॅमेरा पावसाळ्यात कसा सांभाळू?

बॅगेत ठेवून कपाटात बंद करू नका, तिथेच बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवून परत वापरता येतं. कमाई सुरू झाली की ड्राय कॅबिनेट घ्या. कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून चालवा.

आधी कॅमेरा घेऊ की आधी कोणाच्या हाताखाली काम करू?

एक लगीनसराई हाताखाली काढा. लाइट धरा, बॅटऱ्या चार्ज करा, नवऱ्याच्या मामाला शोधून आणा. कोणता विधी कुठल्या बाजूने दिसतो, कन्यादानाच्या वेळी उभं कुठे राहायचं, करवलीला आधीच काय सांगून ठेवायचं, हे सगळं तिथे कळतं. त्या काळात तीन-चार जणांचे कॅमेरे हाताळायला मिळतात, आणि कोणता तुमच्या हाताला बसतो ते कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरी बॉडी कधी घ्यावी?

स्वतःच्या नावावर पहिली ऑर्डर घ्याल त्या दिवशी दुसरी बॉडी तुमच्या बॅगेत हवी. ती विकत घेतलेली असायलाच हवी असं नाही. भाड्याची चालेल, मित्राची चालेल, जुना क्रॉप कॅमेरा चालेल, फक्त तुमच्या लेन्स तिला लागल्या पाहिजेत आणि तिच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या पाहिजेत. भाड्याचे पैसे ऑर्डरच्या दरातच धरा आणि विसार घेतानाच बॉडी बुक करून टाका, कारण मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला आयत्या वेळी शहरातही भाड्याने काही मिळत नाही.